अवघड कुत्रा दत्तक घेताना: फाटकापासून पोदेराच्या भोंग्यापर्यंत

मे अखेरीस गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक (हंगामापुरती खानावळी) मोडायला सुरुवात होते. बांबू आणि झावळ्या टेम्पोत चढतात, आणि हंगामभर पर्यटकांच्या ताटातलं खाऊन वाढलेले कुत्रे मागे राहतात. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या बरगड्या दिसू लागतात, आणि मग ओळखीपाळखीचे लोक विचारू लागतात, ‘यातला एक घरी आणावा म्हणतो, कसं करायचं?’ हेतू चांगलाच असतो. पण दोन महिन्यांचं पिल्लू आणणं वेगळं आणि दोन-तीन वर्षं मोकळा वाढलेला, हात उचलला की बिचकणारा, कधीतरी कुणाला चावलेला कुत्रा आणणं वेगळं. हा लेख या दुसऱ्या कुत्र्याबद्दल आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा कुत्र्याच्या बाबतीत निम्मं काम कुत्र्यावर करायचंच नसतं. ते फाटकावर, मागच्या दारावर आणि घरातल्या माणसांच्या सवयींवर करायचं असतं. गोव्यातलं गावचं घर दिवसभर उघडं असतं. पुढून शेजारीण येते, मागून नुस्तेंवाली (मासेवाली) हाक मारते, गॅसवाला सिलिंडर घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरतो. आपल्याला ही वर्दळ जाणवतसुद्धा नाही. बुजऱ्या कुत्र्याला मात्र ती दिवसभर चाललेली चढाई वाटते.

त्याला घर हवंय का, हे आधी बघा

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असेल, तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही टोचलेली आहे. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडावं लागतं. त्यामागे व्यवहार आहे. वाड्यावर तीन घरांतून भात मिळणारा, देवळाच्या पायरीवर झोपणारा कुत्रा बेघर नसतो. त्याला उचलून फोंड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, तर काल शहाणा असलेला कुत्रा महिन्याभरात ‘अवघड’ होतो, आणि ते अवघडपण आपणच तयार केलेलं असतं. त्याला जिथे आहे तिथेच खायला घाला, दरवर्षी लस द्या. त्याचं तेवढ्यात भागतं.

घर हवं असतं ते गाडीखाली सापडून पाय अधू झालेल्याला, मालकाने सड्यावर (गावाबाहेरच्या माळावर) नेऊन सोडलेल्याला, जिथे आहे तिथे मार खाणाऱ्याला, किंवा निवारा केंद्रात अडकून पडलेल्याला. असगावचं इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, कुडचड्याचं गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट, काणकोणात चापोलीचं ॲनिमल रेस्क्यू सेंटर अशा ठिकाणी जाऊन बघा, आणि एकदाच नको, वेगवेगळ्या वेळी जा. सकाळी जेवणाच्या गडबडीत दिसणारा कुत्रा आणि दुपारी दिसणारा कुत्रा यांत पुष्कळ फरक असतो.

‘चावतो का?’ या प्रश्नाला काहीच अर्थ नाही, दात असलेलं जनावर वेळ आली की चावणारच. विचारायचं ते असं: कुणाला चावला, तेव्हा काय चाललं होतं, आधी गुरगुरला का, कातडी फुटली का, एकदाच दात लावून सोडलं की पुन्हा पुन्हा? खाताना जवळ गेलं तर काय करतो? मोटरसायकल, काठी, छत्री, हेल्मेट यांतलं कशाला घाबरतो? गुरगुरून, एकदा दात लावून मागे सरणाऱ्या कुत्र्याबरोबर काम करता येतं. इशारा न देता धरून झटकणारा कुत्रा पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने घेऊ नये. घरात रांगतं मूल असेल किंवा काठी टेकत चालणारी आजी असेल, तर मीसुद्धा सरळ ‘नको’ म्हणेन.

वयाचा हिशेबही मनात असू द्या. पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हे दिवस जगाची ओळख होण्याचे. त्या काळात ज्याला माणसाचा हात लागला नाही, तो मोठेपणी सुधारतो, घरच्यांवर जीवही लावतो, पण लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या पायात घुटमळणारा कुत्रा तो बहुधा होत नाही. शक्य असेल तर आधी महिनाभर सांभाळायला म्हणून आणा, दत्तकाचे कागद नंतर करा.

आणण्यापूर्वी

कंपाउंडला फेरी मारा. फाटकाखाली वीतभर फट असेल तर मध्यम बांध्याचा कुत्रा त्यातून जातो. छातीएवढा चिऱ्यांचा गडगा घाबरलेला कुत्रा एका उडीत चढतो, कारण चिऱ्यांच्या खाचांत पाय रोवता येतात. सुरुवातीचे काही महिने तो अंगणातसुद्धा पट्ट्याशिवाय सुटणार नाही, हे धरून चाला. पडवीला ग्रिल असेल तर उत्तम: ग्रिल आणि फाटक अशी दोन दारं झाली, आणि ‘एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही’ हा नियम घरातल्या शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना पाठ करायला लावा.

कुत्र्याला एक खोली द्या, जिथून कुणी ये-जा करत नाही अशी. मागची पडवी, जुनी बाळंतिणीची खोली, काहीही चालेल. त्यात एक अंथरूण, पाणी, आणि पाठ टेकून बसता येईल असा कोपरा ठेवा. टेबलावर जुनी चादर टाकून केलेली गुहा महागड्या पिंजऱ्याइतकीच कामाची असते.

हार्नेस (छातीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घ्या आणि लीश (हातात धरायची दोरी) दोन्हीला अडकवा. भ्यालेला कुत्रा मागे सरकत डोकं खाली घालतो आणि साधा गळपट्टा कानांवरून सुटून येतो. पट्ट्यावर फोन नंबर असलाच पाहिजे. हाकेचे शब्दही ठरवा. आजी ‘यो’ म्हणते, बाबा ‘इकडे ये’, मुलगी ‘कम’. त्यातला एकच सगळ्यांनी वापरायचा.

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ‘मायेने’ फाटकावरून हात घालून डोकं कुरवाळणारे काका हा पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा धोका.

व्हेटकडे काय तपासून घ्यायचं

रागीट म्हणून आलेल्या कितीतरी कुत्र्यांचं खरं दुखणं अंगात असतं. गोव्यात गोचीड बाराही महिने असतात, आणि त्यांच्यामुळे होणारे एर्लिकिया, बबेसिया हे ताप सांधे दुखवतात, कुत्र्याला मरगळ आणतात. रक्त तपासून घ्या. एर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. कुत्रा आठवड्यात ताजातवाना दिसला म्हणून मधेच बंद करू नका. पावसाळ्यात कान आतून सडतात, आणि डोक्याजवळ हात नेला की कुत्रा दात दाखवतो. जुनं फ्रॅक्चर, किडलेला दात, जननेंद्रियाची संसर्गजन्य गाठ हेही बघायला सांगा.

रेबीजची लस दरवर्षी द्यायची. मिशन रेबीजच्या लसीकरणामुळे गोव्यात मोठा फरक पडला आणि २०२१ साली राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, पण त्यावर आपल्या कुत्र्याची लस चुकवायची नसते. डिस्टेम्पर-पार्व्होच्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग आहे ना, ते विचारा. उंदीर आणि साचलेलं पाणी ज्या प्रदेशात चार महिने एकत्र नांदतात, तिथे तो हवाच. घरात मांजर असेल तर गोचिडांचं औषध व्हेटला विचारूनच लावा. कुत्र्यांच्या काही औषधांत असलेलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

नसबंदी जरूर करा, पण ‘नसबंदी केली की राग उतरतो’ यावर विसंबू नका. भीतीतून आलेला राग तिने जात नाही.

आणि आपल्यासाठी: अशा कुत्र्याबरोबर राहणाऱ्याला चावण्याआधीच रेबीजची लस घेता येते, डॉक्टरांशी बोला. चावलाच, किंवा नख ओरबाडून रक्त आलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. हळद, चुना, मिरचीपूड काहीही लावायचं नाही.

पहिले तीन आठवडे: जवळजवळ काहीच करू नका

हे सगळ्यांना जड जातं. कुत्रा आला की फोटो हवा असतो, मावशीला दाखवायचा असतो, आंघोळ घालायची असते. यातलं काहीही नको. आंघोळ तर मुळीच नको. वास येऊ दे.

रोज ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी शी-शूसाठी त्याच कोपऱ्यात नेणं, आणि बाकीचा वेळ त्याच्या खोलीत अंग जरा बाजूला वळवून, त्याच्याकडे न बघता बसणं. पेपर वाचा, भाजी निवडा. तुमचा आवाज आणि वास हा घरच्या भिंतीसारखा नेहमीचा झाला पाहिजे.

खाऊ देण्याची एक रीत नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण तिथे उलटं करतात. हातात कलेजीचा तुकडा धरून ‘ये ये’ करत कुत्र्याला जवळ ओढू नका. भूक त्याला त्याच्या हिमतीपलीकडे खेचून आणते. तुकडा तोंडात जातो, मग मान वर होते आणि माणूस एवढ्या जवळ आहे हे त्याला कळतं. चावा तिथे बसतो. त्याऐवजी तुकडा त्याच्या पाठीमागे टाका. तो वळून दूर जाईल, खाईल, आणि मग स्वतःहून दोन पावलं तुमच्याकडे येईल. पुन्हा मागे टाका. जवळ येणं त्याच्या मर्जीचं आणि दूर जाणं नेहमी मोकळं, हे त्याला पटलं की अंतर आपोआप कमी होतं. खाऊ म्हणून उकडलेली कलेजी, चिकन, अंडं, किंवा मीठ जाण्यासाठी धुतलेली चिमूटभर सुकट. सुकटीच्या वासाला नाही म्हणणारा गोव्यातला कुत्रा मी तरी पाहिलेला नाही.

त्याचं अंग वाचायला शिका. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, एकाएकी सगळं अंग ताठ होणं, मग गुरगुर. बरेच जण गुरगुरीलाच पहिला इशारा समजतात. तोवर त्याने चार वेळा सांगून झालेलं असतं. गुरगुरला म्हणून ओरडू नका, मारू नका. तो गुरगुरायचं सोडतो, भ्यायचं सोडत नाही, आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. गुरगुर ऐकली की थांबा, बाजूला व्हा, आणि काय झालं ते वहीत लिहा.

पोदेर: रोजचा फुकट मिळणारा शिकवणीवर्ग

गोव्यातल्या कुत्र्यांना सायकलचं, विशेषतः पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलचं, काय वावडं आहे कोण जाणे. भोंगा, मागे निळ्या प्लॅस्टिकखाली भलीमोठी टोपली, आणि कुत्रा भुंकला की सायकल निघून जाते. कुत्र्याच्या लेखी तो रोज सकाळ-संध्याकाळ जिंकतो. म्हणून ही सवय पक्की होत जाते.

पण शिकवायला पोदेरासारखा दुसरा मदतनीस नाही. तो ठरल्या वेळी येतो, आणि त्याचा भोंगा आधी लांबून, बारीक ऐकू येतो, मग मोठा होत जातो. प्रशिक्षक पैसे घेऊन आवाज कमी-जास्त करून जे करतात, ते इथे दारात चालून येतं.

सुरुवातीला आठवडाभर नुसतं बघा. भोंगा तुम्हाला कधी ऐकू येतो, कुत्र्याला कधी, तो उठतो कधी, भुंकतो कधी. किनाऱ्यावरून आमच्याकडे आलेल्या एका तांबड्या कुत्रीचा डावा कान आधी वळायचा. मला काहीच ऐकू येत नसे, चहा उकळत असे, आणि तिचा कान रस्त्याच्या अंगाला फिरलेला असे. मग शेपूट स्थिर व्हायची, मग मानेवरचे केस. कान वळण्यापासून केस उभे राहण्यापर्यंतचा जो वेळ मिळतो, त्यातच काम करायचं.

आता कुत्र्याला रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लोटून घ्या. चिकनचे तुकडे आधीपासून खिशात ठेवा. कान वळला, एक तुकडा. भोंगा पुन्हा वाजला, पुन्हा तुकडा. भोंगा थांबला की खाऊ बंद. क्रम चुकवायचा नाही: आधी भोंगा, मग चिकन. तुम्ही आधीच डबा उघडून बसलात, तर डब्याचा आवाज म्हणजे काहीतरी भयंकर येणार, एवढंच तो शिकतो आणि डब्यालाही घाबरू लागतो. इथे ‘बस’, ‘गप’ काही म्हणायचं नाही. तो उभा राहू दे, फिरू दे. आपण वागणूक सुधारत नाही आहोत, भोंग्याचा अर्थ बदलतो आहोत.

खाणं हेच मोजमाप. आवडता तुकडाही घेत नसेल किंवा बोटांसकट हिसकावत असेल, तर आवाज फार जवळ आहे. आणखी आत जा.

काही दिवसांनी भोंगा वाजताच तो रस्त्याकडे न बघता तुमच्या खिशाकडे बघू लागेल. असं सलग बरेच दिवस झालं की एक पायरी पुढे: मधली खोली, मग पडवीत लीश लावून, मग अंगणात फाटकापासून दूर. सायकल दिसू लागली की नवी पायरी सुरू झाली असं समजा, आणि खाऊ पुन्हा भरपूर द्या. पोदेराला एकदा थांबवून सांगा: दगड उगारू नका, लाडाने पाव टाकू नका, आणि शक्य असेल तर आमच्या फाटकाऐवजी शेजारच्या वळणावर थांबा. उंडे (पाव) आपण तिथे जाऊन आणावेत. बहुतेक पोदेर हसून ऐकतात, त्यांच्या पोटऱ्यांचाच प्रश्न असतो.

एखाद्या सकाळी नुस्तेंवाली येऊन गेली, समोरच्यांच्या कुत्र्याशी फाटकातून भांडण झालं आणि त्यावर गॅसवालाही आला, तर त्या दिवशी पोदेराचा धडा सोडून द्या. ताण एकावर एक साठत जातो आणि उतरायला वेळ लागतो. एक-दोन दिवस शांत जाऊ द्या. मोटरसायकल, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला), छत्रीवाला माणूस, शाळेची बस, सगळ्यांसाठी हीच रीत.

फिरायला नेताना वाड्यातून जाऊ नका. तिथले कुत्रे आपल्या हद्दीतून परका जाऊ देत नाहीत. गाडीत घालून कापणी झालेल्या शेतावर किंवा सडयावर, दहा मीटरची दोरी लावून, हुंगत हुंगत फिरू द्या. हुंगणं त्याला नुसत्या धावपळीपेक्षा जास्त निववतं. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची ओळखही अशाच तिऱ्हाईत जागी, दोन माणसांनी लांबून समांतर चालत करून द्या.

भांड्यावर गुरगुरणारा

जेवताना भांड्यात हात घालून ‘सवय लावणं’ हा उपद्व्याप कृपया बंद करा. हात आला की जेवण जातं, ही त्याची शंका तुम्ही खरी करून दाखवता. तो ताठ होतो त्या अंतराच्या बाहेरूनच चालत जा, भातापेक्षा चांगलं काहीतरी भांड्याकडे फेका आणि न थांबता पुढे जा. माणूस आला की भर पडते, हे कळलं की मान वर येते, शेपूट सैल होते. अंतर मग पावलापावलाने कमी करा. मुलांना यात घेऊ नका. कुत्रा जेवताना मुलं दुसऱ्या खोलीत.

बांगड्याचं डोकं पळवलं तर मागे धावायचं नाही. चार-पाच तुकडे एकेक करून लांब टाकत न्या, तो पुरेसा दूर गेला आणि मध्ये दार लागलं की मग डोकं उचला.

मुसकं

मुसकं म्हणजे शिक्षा, असं बघणाऱ्यांना वाटतं. मला ते हेल्मेटसारखं वाटतं. मात्र ते जाळीचं, टोपलीच्या आकाराचं हवं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारं कापडी मुसकं व्हेटच्या टेबलावर काही मिनिटांपुरतं ठीक. आपल्या उकाड्यात ते घालून फिरवलं तर कुत्र्याला अंग थंड करण्याचा मार्गच राहत नाही.

पहिले काही दिवस मुसकं नुसतं वाटीसारखं धरा, आत दही किंवा कलेजीचा लगदा चोपडा. नाक तो स्वतः आत घालेल, तुम्ही ढकलायचं नाही. मग पट्टा क्षणभर बांधून सोडा, मग जरा जास्त वेळ. आवडत्या फेरीच्या आधी घाला, फक्त व्हेटकडे जाताना नको.

एकटं राहणं, पाऊस, फटाके

एकटं सोडण्याची तयारी आल्या आठवड्यापासून करा: दाराबाहेर क्षणभर जाऊन परत या, वेळ हळूहळू वाढवा, जाता-येता निरोप समारंभ नको. मागे ठेवल्यावर तो लाळ गाळत दार कुरतडत असेल तर तो हट्ट नव्हे, घाबरणं आहे, व्हेटशी बोला. पावसात अंगणात सोडण्याआधी टॉर्च मारून बघा, घोणस आणि मण्यार याच दिवसांत दिसतात.

गणेश चवथीचे फटाके, दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा पहाटेपर्यंतचा धांगडधिंगा, चर्चच्या फेस्ताचे फटाके: या काळात कुत्रे पळून जाण्याचा धोका सगळ्यात मोठा. ऊन उतरण्याआधी फेरी उरका, फाटकाला कुलूप घाला, रस्त्यापासून लांबच्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून त्याच्यासोबत बसा. जवळ घेतल्याने भीती ‘वाढते’ ही समजूत चुकीची आहे; तो टेकायला आला तर टेकू द्या. फार घाबरत असेल तर दोन-तीन आठवडे आधी व्हेटकडे जा. भीती कमी करणारं औषध मागा. नुसतं गुंगी आणणारं नको, त्यात कुत्रा हलू शकत नाही पण भीत राहतो.

जमत नसेल तेव्हा

प्रशिक्षक बोलवायचा तर तो काय वापरतो ते आधी विचारा. ‘कुत्र्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं’ असं म्हणत काट्यांचा किंवा झटका देणारा पट्टा काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. भ्यालेल्या कुत्र्याला आणखी भीती घातली की तो काही दिवस गप्प राहतो, आणि त्या गप्पपणाचे पैसे घेऊन माणूस निघून गेल्यावर जे होतं ते तुमच्या घरात होतं. भीती कमी करणारी रोजची औषधंही असतात; ती व्हेट देतो, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

तीनेक महिन्यांत थोडाही फरक दिसत नसेल, किंवा घरातलं कुणी स्वतःच्या घरात जीव मुठीत धरून वावरत असेल, तर केंद्राशी बोलून परत द्या. रात्री गाडीत घालून सडयावर सोडणं हा पर्याय नाही. प्राण्यांना बेवारस सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. परत देताना वहीची प्रत द्या: कशाला गुरगुरला, किती अंतरावर शांत राहिला, कोणता खाऊ चालतो, कोणत्या शब्दाला येतो. अंथरूण न धुता बरोबर पाठवा. मुसक्याची सवय झाली असेल तर तेच मुसकं द्या, नव्या मापाचं नको.